तारेची वाट

"आत्या, हा बसतोय इथे. जरासा अडतोय, पण दाबला तर बसेल. दाबू?"

भाचीचा अंगठा कनेक्टरच्या पाठीवर होता. मी चहाचे कप घेऊन येत होते. ते हाताला येईल तिथे ठेवले आणि आधी तिचं मनगट धरलं. थोडा चहा वर्तमानपत्रावर सांडला. खुर्चीत बसलेल्या अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मान वर करून बघितलं, पण काही बोलले नाहीत. पन्नास वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला हात का धरला ते विचारावं लागत नाही.

हॉलमध्ये सतरंजी, सतरंजीवर जुनी वर्तमानपत्रं आणि त्यांच्यावर उघडून ठेवलेलं एक कॅबिनेट. आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालते. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे पहाटेपासून येऊन बसतात. हिंजवडीच्या एका ऑफिसनं नवीन मशिनं घेतली तेव्हा जुने अकरा डेस्कटॉप या अभ्यासिकेला दिले. चिटणीसांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही बघाल का जरा?" मी हो म्हटलं. भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती सुट्टीला आलेली. तिलाही घेतलं बरोबर.

अकरांपैकी तीन मशिनांचे एसएमपीएस मेलेले निघाले. यात विशेष काही नाही. एसएमपीएस म्हणजे भिंतीवरची वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी कमी व्होल्टची करून देणारा डबा, कॅबिनेटमधला सगळ्यात जास्त राबणारा भाग. २३० व्होल्टचा चढउतार तो सोसतो, धूळ त्याचाच पंखा ओढतो, उष्णताही त्याचीच. मी बुधवारी जुन्या बाजारातून एक चांगला वजनदार एसएमपीएस आणून ठेवला होता. भाचीनं मेलेला डबा काढला, नवा लावायला घेतला आणि थबकली. नव्या डब्याचा मोठा २४ पिनांचा कनेक्टर हातात, आणि मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डवर, २४ पिनांची जागाच नाही. तिथे एक सहा पिनांचं सॉकेट, एक चार पिनांचं, बाजूला आणखी एक बारकंसं. तिनं नव्या डब्याच्या तारांमध्ये शोधलं, तर सहा पिनांचा एक कनेक्टर सापडला. दोन रांगा, तीन-तीन पिना. आकारही तोच. मग ती म्हणाली, दाबू का.

तो सहा पिनांचा कनेक्टर ग्राफिक्स कार्डाचा होता. त्याच्या एका रांगेत १२ व्होल्ट, दुसऱ्या रांगेत ग्राउंड. मदरबोर्डवरचं सॉकेट मात्र त्या कंपनीनं स्वतःपुरतं केलेलं. त्यातल्या काही पिना १२ व्होल्टच्या, काही ग्राउंडच्या आणि काही नुसत्या निरोपाच्या: डबा सुरू कर, डबा ठीक आहे, एवढं सांगणाऱ्या. निरोपाच्या पिनेवर सरळ १२ व्होल्ट सोडले असते तर तो मदरबोर्ड तिथेच संपला असता. खाचा जुळत नव्हत्या म्हणूनच तो अडत होता. पण हे प्लास्टिक तसं मऊ असतं, आणि तरुण अंगठ्यात जोर असतो.

तिला रागावले नाही. तिची चूक समजण्यासारखी होती. लहानपणापासून आपण हेच शिकतो की बसलं म्हणजे बरोबर. कुलपात किल्ली बसली, डब्यावर झाकण बसलं, यूएसबी बसली, काम झालं. कॉम्प्युटरमधले बहुतेक कनेक्टर याच विश्वासावर बनवलेत की चुकीचा बसणार नाही. म्हणूनच जिथे हा विश्वास तुटतो ती जागा माहीत असायला हवी, आणि त्या जागा कमी नाहीत.

मी १९९६ साली आयटीआय संपवून नारायण पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात लागले. तेव्हा एटी पद्धतीची मशिनं होती. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी एटीवरून पडलेलं हे नाव. त्या एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे दोन वेगवेगळे कनेक्टर यायचे, सहा-सहा तारांचे, पी-८ आणि पी-९. दोघांचा आकार एकच आणि दोन्ही शेजारी शेजारी बसायचे. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला तर बोर्ड जळायचा. वाचवणारी एकच गोष्ट होती, मालकांनी पहिल्या दिवशी सांगितलेली: काळं काळ्याला. दोन्ही कनेक्टरच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. मी कित्येक महिने ते मनात म्हणत कनेक्टर लावायचे. त्या मशिनांचा आणखी एक धोका म्हणजे समोरचं बटण. ते खरोखरचं मेन्सचं, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेचं, बटण होतं. २३० व्होल्ट कॅबिनेटच्या तोंडापर्यंत यायचे, तपकिरी, निळ्या, पांढऱ्या, काळ्या अशा चार तारांमधून. आत हात घालताना त्या केबलपासून बोटं लांब ठेवायची सवय लागली ती आजतागायत आहे.

इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स ही नवी पद्धत आणली आणि पी-८, पी-९ ची भानगड एका २० पिनांच्या कनेक्टरनं मिटवली. त्यात कनेक्टर घट्ट धरून ठेवणारा खटका आला, उलटा बसणार नाही अशी रचना आली. समोरच्या बटणात मेन्स येणं बंद झालं, कारण बटण आता नुसता इशारा देतं. पुढे २००० च्या सुमारास पेंटियम ४ आला, त्याची भूक मोठी, म्हणून प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चौकोनी चार पिनांचा कनेक्टर आला. दुकानात आम्ही त्याला 'पी-फोर' म्हणायचो, अजूनही पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, तेच नाव चालतं. २००३ मध्ये मोठ्या कनेक्टरच्या २० च्या २४ पिना झाल्या. जुन्या बोर्डांवरही चालावा म्हणून पुष्कळ कंपन्यांनी तो २० अधिक ४ असा तुटक केला. आणि इथे पुन्हा एक जुळं जन्माला आलं. तो सुटा झालेला चार पिनांचा तुकडा आणि पी-फोर हे दोघं दिसायला सख्खे भाऊ. पण पी-फोरमध्ये दोन पिवळ्या आणि दोन काळ्या तारा असतात, आणि या तुकड्यात पिवळी, लाल, नारिंगी, काळी अशी प्रत्येकी एक.

रंगांचा विषय निघाला तसे अण्णा खुर्चीतून पुढे सरकले.

"हिरवी अर्थ ना?"

"नाही अण्णा. हिरवी म्हणजे डबा सुरू करायचा इशारा. ती काळीला टेकवली की एसएमपीएस चालू होतो."

"मग काळी न्यूट्रल?"

"काळी ग्राउंड."

"आणि लाल फेज?"

"लाल ५ व्होल्ट. पिवळी १२. नारिंगी ३.३."

अण्णांनी मान हलवली. घरातल्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. थ्री फेज असेल तर लाल, पिवळा, निळा. हे रंग त्यांच्या अंगात इतके भिनलेले की आईच्या हिरव्या साडीलाही ते 'अर्थिंगची' म्हणायचे. इथे तेच रंग, पण भाषा निराळी. एटीएक्समधली निळी म्हणजे उणे १२ व्होल्ट. जांभळी म्हणजे ५ व्होल्ट स्टँडबाय. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत ती जिवंत असते, म्हणून तर शटडाउन केल्यावरही माउसचा दिवा कधी कधी लागलेला राहतो. करडी तार सांगते की आतले सगळे व्होल्टेज जागेवर आलेत, आता कामाला लागा. आणि बरं, हे रंगही पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिलेत असं नाही. जुन्या एटीमध्ये नारिंगी तार 'सगळं ठीक' असा निरोप द्यायची. एटीएक्समध्ये त्याच नारिंगीवरून ३.३ व्होल्ट वाहतात. जुन्या सवयीनं बघणारा फसलाच.

शिवाय आता रंगच नाहीसे झालेत. पुष्कळ नव्या एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या असतात, चपट्या किंवा जाळीच्या बाहीत घातलेल्या. काचेच्या कॅबिनेटमधून देखण्या दिसतात. भाचीला त्या आवडतात. मला वाईट वाटतं, कारण रंग ही बनवणाऱ्यानं दुरुस्त करणाऱ्याला लिहिलेली चिठ्ठी होती.

"वाड्यात तरी कुठे रंग होते," अण्णा म्हणाले.

कसब्यातल्या वाड्यांचं वायरिंग त्यांनी ऐन तारुण्यात केलं. लाकडी पट्टीवर क्लिपा मारून तारा न्यायच्या. एका वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडं, एकाची तार दुसऱ्याच्या माजघरातून, तिसऱ्याच्या जिन्याखालून. आणि दरवर्षी दिवाळीआधी भिंतींबरोबर तारांवरही चुन्याचा हात फिरायचा. दहा वर्षांत सगळ्या तारा पांढऱ्याफेक. कुठली कुणाची ते रंगावरून कळायचा प्रश्नच नव्हता. अण्णा मग एकेक फ्यूज काढायचे आणि चौकात उभं राहून हाळी द्यायचे, "कुणाचा दिवा गेला?" वरून कुणीतरी ओरडायचं, "आमचा!" की त्या फ्यूजवर बिऱ्हाडाचं नाव पेन्सिलीनं लिहायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे, बॅटरी धरायला. तार शोधायची म्हणजे दोन टोकं शोधायची, मधल्या लांबीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी त्या चौकांमध्ये शिकले. "रंगावर जाऊ नकोस, वाटेवर जा," असं ते म्हणायचे.

एसएमपीएसचा अनोळखी कनेक्टर हातात आला की मी अजूनही तेच करते. आधी भिंतीवरचं बटण बंद, वायर काढून बाजूला, मग समोरचं बटण दोन-चारदा दाबायचं म्हणजे बोर्डावर उरलेला चार्ज निघून जातो. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. २३० व्होल्ट एसीचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात आणि वायर काढल्यावरही काही काळ राहू शकतात. मग तार हातात धरून मागे मागे जायचं. एसएमपीएसच्या पोटातून निघालीय, की मदरबोर्डवरून? हा प्रश्न पहिला, कारण अशा ऑफिसच्या मशिनमध्ये हार्ड डिस्कला वीज देणारी केबल पुष्कळदा मदरबोर्डवरून निघते. तिथला एसएमपीएस फक्त १२ व्होल्ट देतो, आणि ५ व ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतःच बनवतो. कमी तारा, वीज वाया कमी. इंटेलनंही २०२० च्या सुमारास अशाच विचाराचा दहा पिनांचा कनेक्टर पुढे आणला. कल्पना मला मनापासून पटते. पण प्रत्येक कंपनीनं ती आपापल्या आकाराच्या सॉकेटमध्ये कोंबली याचा राग येतो, कारण त्यापायी धडधाकट मदरबोर्ड भंगारात जातात. १९९० च्या दशकाच्या शेवटी तर एका मोठ्या अमेरिकी कंपनीनं एटीएक्सचाच २० पिनांचा कनेक्टर वापरून आतल्या तारांची जागा बदलली होती. बाहेरून तंतोतंत तोच. साधा एसएमपीएस त्यात आरामात बसायचा आणि बोर्ड जायचा. ती मशिनं पुण्यात सेकंडहँड आली तेव्हा आम्ही दुकानात पाटी लावली होती: या मशिनला हात लावण्याआधी विचारा.

वाट कळली की मग तोंड बघायचं. पिना किती, रांगा किती, खटका कुठल्या बाजूला. भोकांचे आकार नीट निरखायचे: काही चौकोनी असतात, काहींचे दोन कोपरे कापलेले. चौकोनी भोकाचं प्लास्टिक कापलेल्या कोपऱ्यांच्या सॉकेटमध्ये जात नाही. हीच कनेक्टरची किल्ली. चष्मा लावून, टॉर्चच्या उजेडात बघायची गोष्ट आहे ती. भाचीनं मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघितला. ती युक्ती मी तिच्याकडून उचलली.

सगळ्यांत फसवी जोडी आठ पिनांची. एक आठ पिनांचा कनेक्टर प्रोसेसरचा, एक ग्राफिक्स कार्डाचा. पहिला बहुधा चार-चार असा दुभंगतो, दुसरा सहा-दोन असा. पण दोन्ही जोडलेले असले आणि तारा काळ्या असल्या की पटकन कळत नाही. मला खटक्याची खूण लक्षात राहते: प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये पिवळ्या तारा खटक्याच्या बाजूला, ग्राफिक्सच्यामध्ये काळ्या तारा खटक्याच्या बाजूला. म्हणजे एकाचे १२ व्होल्ट जिथे, तिथे दुसऱ्याचं ग्राउंड. जोर करून एक दुसऱ्यात घुसवला तर सरळ शॉर्ट. चांगला एसएमपीएस त्याच क्षणी स्वतःला बंद करून घेतो. हलका घेत नाही.

"त्यातून करंट किती जातो?" अण्णांनी विचारलं.

मी हिशेब करून सांगितला. ग्राफिक्सचा सहा पिनांचा कनेक्टर ७५ वॉटचा, म्हणजे १२ व्होल्टला सव्वासहा अँपिअर. आठ पिनांचा १५० वॉटचा, म्हणजे साडेबारा अँपिअर.

"साडेबारा? एवढुशा कनेक्टरमधून?" ते उठून बसले. त्यांच्या हिशेबात साडेबारा अँपिअर म्हणजे गिझरचा प्लग. जाड पिना, जाड वायर, वेगळी लाइन. मी म्हटलं, "अण्णा, आता नवा आलाय, सोळा पिनांचा. २०२२ च्या नव्या स्टँडर्डमधला. त्यातून ६०० वॉटपर्यंत जातात."

त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "पन्नास अँपिअर."

"हो. त्यातल्या १२ व्होल्टच्या सहा पिनांमधून वाटून."

"लूज कॉन्टॅक्ट राहिला की जळणार."

वायरमनला हे कुणी सांगावं लागलं नाही, आणि जगात नेमकं तेच झालं. २०२२ च्या शेवटी महागड्या ग्राफिक्स कार्डांचे हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. पूर्ण आत न बसलेला कनेक्टर, थोडक्या जागेवरून जाणारा सगळा करंट आणि त्याची उष्णता हे त्यातलं एक ठळक कारण. मग सुधारलेल्या आवृत्तीत निरोपाच्या चार बारक्या पिना आखूड केल्या, म्हणजे कनेक्टर पुरता आत गेल्याशिवाय कार्डाला 'वीज घे' असा निरोपच जात नाही. मला ही दुरुस्ती फार आवडली. माणसाच्या अंगठ्यावर भरवसा न ठेवता तारेलाच विचारलं, पोचलीस का नीट?

मोलेक्स, साटा आणि फ्लॉपीचा बारका कनेक्टर यांवर फार वेळ गेला नाही. भाचीनं पिवळी-काळी-काळी-लाल अशा चार जाड पिनांचा कनेक्टर उचलून नाव विचारलं. मी म्हटलं, मोलेक्स. खरं तर मोलेक्स हे कंपनीचं नाव, आणि २४ पिनांचा कनेक्टर ज्या घराण्यातला आहे तो मिनी-फिट ज्युनिअरही त्याच कंपनीचा. पण तपकीर गल्लीत जाऊन 'मोलेक्स द्या' म्हटलं की हाच मिळतो, वर दुकानदार विचारतो, मेल की फीमेल? फ्लॉपीच्या छोट्या कनेक्टरमध्ये लाल आणि पिवळीची जागा मोलेक्सच्या उलट, एवढं मात्र तिला वहीत लिहायला लावलं. साटा, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणारा, तिला ओळखीचा होता, चपटा, १५ पट्ट्यांचा, इंग्रजी एल अक्षरासारखी खाच असलेला. मोलेक्सवरून साटा करणारी स्वस्तातली केबल मी घरात ठेवत नाही. ज्या केबलींच्या साटा टोकावर प्लास्टिक थेट तारांवर ओतून साच्यात बसवलेलं असतं, त्यांत आत तारा जागच्या सरकून शॉर्ट होऊ शकतात आणि आग लागू शकते. घ्यायचीच असेल तर तारा मागून वेगवेगळ्या घुसवलेल्या दिसतात अशी घ्यावी.

आणि मग शेवटची तपासणी मल्टिमीटरची. सुदैवानं आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हाही कंटिन्युइटी, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते, बघता येते, तिला मेन्स लागत नाही. एक टोक कॅबिनेटच्या पत्र्याला, दुसरं पिनेला: बीप वाजला की ग्राउंड. साधा एटीएक्स डबा असेल तर पुढची पायरी म्हणजे हिरवी आणि काळी यांच्यात तारेचा तुकडा घालून तो सुरू करायचा आणि एकेक पिन मोजायची. १२ चे ११.४ ते १२.६, ५ चे ४.७५ ते ५.२५ आले पाहिजेत, पाच टक्के इकडेतिकडे चालतं. अनोळखी कंपनीच्या डब्यावर हा प्रयोग करायचा नाही, कारण तिथली हिरवी काय म्हणतेय ते ठाऊक नसतं.

हे सगळं मला येत असूनही मी एकदा दाबलं होतं. ते भाचीला सांगितलं, अण्णांसमोर. त्यांनाही माहीत नव्हतं.

२०१४ ची दिवाळी तोंडावर आलेली. सदाशिव पेठेत एक गृहस्थ घरातूनच डीटीपी करायचे. त्या वर्षी दोन दिवाळी अंकांची पानं त्यांच्या मशिनवर होती आणि मशिन बंद पडलं. एसएमपीएस गेलेला. तो मॉड्युलर होता, म्हणजे केबली डब्यातच पक्क्या नसतात, दोन्ही टोकांनी सुटतात. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचा मॉड्युलर डबा होता. जुन्या केबली कॅबिनेटमध्ये इतक्या सुरेख बांधलेल्या होत्या की मला त्या सोडवाव्याशा वाटल्या नाहीत. नुसता डबा बदलला आणि जुन्याच केबली त्याला लावल्या. खटका 'टक्' करून बसला. कुठेच अडलं नाही.

बटण दाबलं, पंखा एकदा थरथरला आणि सगळं शांत.

मॉड्युलर केबलचं जे टोक हार्ड डिस्कला लागतं ते सगळीकडे सारखं असतं. जे टोक डब्याला लागतं त्याला कुठलंही स्टँडर्ड नाही. कुठल्या पिनेवर ५ आणि कुठल्या पिनेवर १२, हे कंपनी ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. जुन्या डब्यात जिथे ५ होते तिथे माझ्या डब्यात १२ होते. डिस्कच्या ५ व्होल्टच्या तारेतून मी १२ सोडले होते.

ते गृहस्थ काही बोलले नाहीत. कपाटातून प्रुफांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवून बसले. पाच आठवड्यांचं काम होतं. मी डिस्क मागून घेतली, रात्री घरी आणली. डिस्कच्या हिरव्या बोर्डावर वीज जिथे शिरते तिथे एक छोटा रक्षक डायोड असतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो स्वतः शॉर्ट होतो, सगळा मार स्वतःवर घेतो, आणि त्या शॉर्टमुळे एसएमपीएस बंद पडतो. मीटर लावला: ५ व्होल्टचा डायोड शॉर्ट. सोल्डरिंग आयर्ननं तो उचलला, योग्य केबल लावली, आणि रात्री दोनच्या सुमारास डिस्क फिरायला लागली. त्या आवाजानं मला रडू आलं. डायोड काढलेली डिस्क उघड्यावर असते, पुन्हा चूक झाली तर तिला वाचवणारं कुणी नाही. म्हणून उजाडायच्या आत सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं आणि ती वापरातून काढली. दोन्ही अंक वेळेवर आले. त्या डायोडचा काळा ठिपका मी पाकिटात घालून मीटरच्या पेटीत ठेवलाय. भाचीला तो दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा.

त्यानंतर आम्ही फारसं न बोलता काम केलं. दोन मशिनांचे मदरबोर्डच गेलेले होते, पण त्यांचे एसएमपीएस शाबूत. तेच काढून, त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दोन चांगल्या मशिनांना लावले. अकरांतली आठ चालू झाली. नवव्याला त्याचा डबा मिळाला नाही, ते सुट्या भागांसाठी ठेवलं. जुन्या बाजारातून आणलेला एसएमपीएस पुन्हा माळ्यावर गेला. भाचीनं प्रत्येक कनेक्टरला कागदाची चिठ्ठी बांधली: 'बोर्डवरून डिस्ककडे', 'प्रोसेसर', 'फक्त याच मॉडेलला'. अक्षर चांगलं आहे तिचं. अण्णांनी एकेक चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली.

माळ्यावरच्या खोक्यातली एक केबल शेवटी उरली. एका टोकाला साटाचे तीन कनेक्टर, दुसऱ्या टोकाला सहा पिनांचं तोंड. काळ्या तारा, कुठे छापील अक्षर नाही. कुठल्या डब्याची होती, आठवेना. तो डबा केव्हाच भंगारात गेला असणार.

"मीटर लावून कळेल ना?" भाचीनं विचारलं.

या टोकाची कुठली पिन त्या टोकाच्या कुठल्या पट्टीला जाते ते कळेल. पण लावायची कुठल्या डब्याला, आणि त्या डब्याच्या त्या पिनेवर काय असेल, ते केबलमध्ये लिहिलेलं नसतं. तिची अर्धी ओळख डब्याबरोबरच गेली.

"चांगली आहे, ठेवू या," मी म्हटलं. मला चांगली वस्तू टाकवत नाही.

अण्णांनी हात पुढे केला. केबल घेतली, सहा पिनांचं तोंड बोटांनी चाचपलं, मग माझ्याकडे पकड मागितली. त्यांचे हात आता थरथरतात. भाचीनं केबल ताणून धरली आणि त्यांनी ते तोंड एकेक तार करत कापून टाकलं. साटाची बाजू मला परत दिली.

"ही ठेव," म्हणाले. "हे आता कुणी कशात दाबणार नाही."